गच्चीवरची टाकी आणि विजेची वेळ

मुंबईतल्या जवळजवळ प्रत्येक इमारतीत पाण्याच्या दोन टाक्या असतात. एक जमिनीखाली, जिच्यात महापालिकेचे पाणी ठरलेल्या वेळी येऊन पडते, आणि दुसरी गच्चीवर, जिच्यातून ते घरोघर उतरते. या दोन टाक्यांमधला पंप कधी चालवायचा, हे बहुतेक सोसायट्यांत पंप सांभाळणाऱ्या माणसाच्या सवयीवर किंवा टाकीतल्या फ्लोटवर ठरते. आमच्या सोसायटीत तो अनेक वर्षे पहाटे साडेपाचला आणि संध्याकाळी साडेसातला चालत आला. नळाला पाणी येत होते, त्यामुळे त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. स्वच्छ ऊर्जेच्या दृष्टीने मात्र पहाटेची वेळ फारशी चांगली नाही आणि संध्याकाळची तर अगदीच वाईट आहे. ती वाईट का, हे नीट उमगले की ‘स्मार्ट इमारत’ या शब्दामागचे अर्धे शास्त्र समजले, असे मी मानतो.

वीज तारांमध्ये साठून राहत नाही. सगळ्या देशात मिळून ज्या क्षणी जितकी वीज वापरली जाते, तितकीच त्या क्षणी निर्माण व्हावी लागते. हा तोल ढळला की विद्युतप्रवाहाची वारंवारिता सेकंदाला ५० आवर्तनांवरून वर-खाली होऊ लागते. भारतात ती ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या अरुंद पट्ट्यात राखणे अपेक्षित आहे. त्यासाठी दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडले जातात आणि प्रत्येक भागात कोणत्या केंद्राने किती वीज द्यायची, याचे वेळापत्रक आधीच आखले जाते. महाराष्ट्रासाठी ही आखणी आणि देखरेख ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रातून चालते. आतापर्यंत या व्यवस्थेचा एक न बोललेला नियम होता: ग्राहक हवे तेव्हा बटण दाबेल आणि वीजकेंद्राने त्याच्यामागे धावायचे. कोळसा आणि पाणी हाताशी साठवता येत असल्यामुळे ते धावणे शक्य होते.

सूर्याला असे धावायला लावता येत नाही. भारतातील सौर ऊर्जेची स्थापित क्षमता २०२५ च्या सुरुवातीला १०० गिगावॉटच्या पुढे गेली, आणि त्याच वर्षी देशाच्या एकूण स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, वायू, तेल यांच्याव्यतिरिक्तच्या स्रोतांची झाली. ही मोठी मजल आहे. तरीही प्रत्यक्ष निर्माण होणाऱ्या विजेपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज अजूनही कोळशातूनच येते, कारण सौर पॅनेल दिवसातले काही तासच काम करते आणि आपण वीज चोवीस तास वापरतो. दुपारी एक वाजता सौर वीज भरपूर असते. संध्याकाळी सात वाजता ती जवळजवळ शून्य असते आणि नेमके त्याच वेळी दिवे, एसी, गिझर, टीव्ही, लिफ्ट, पंप असे सगळे एकदम सुरू होते. ही संध्याकाळ निभावण्यासाठी कोळशाचे संच दिवसभर गरम ठेवावे लागतात. असा संच दुपारी वाटेल तितका मंद करता येत नाही. सध्याच्या नियमांनुसार तो ५५ टक्के क्षमतेपर्यंत खाली आणता यावा, इतकीच अपेक्षा आहे. त्यामुळे एक विचित्र स्थिती उद्भवते: भर दुपारी स्वस्त आणि धूर नसलेली वीज उपलब्ध असूनही ती घ्यायला जागा नसते, म्हणून काही वेळा सौर प्रकल्पांनाच उत्पादन कमी करण्यास सांगितले जाते, आणि त्याच दिवशी सूर्यास्तानंतर कोळशाची राख वाढत जाते.

म्हणजे स्वच्छ विजेची आजची अडचण बऱ्याच अंशी वेळेची आहे. मुंबईच्या बाबतीत हे विधान आणखी नेमके करता येते. चौदा मजल्यांच्या आणि ऐंशी घरांच्या एका इमारतीची कल्पना करा. तिच्या गच्चीचे क्षेत्रफळ सहाशे चौरस मीटर धरले आणि टाक्या, लिफ्टची खोली, सावली हे वगळून निम्मी जागा पॅनेलसाठी मिळाली, तर एका किलोवॉटला साधारण दहा चौरस मीटर या हिशेबाने तिथे ३० किलोवॉटचा संच बसेल. तो सरासरी दिवसाला १२० युनिटच्या आसपास वीज देईल. ऐंशी घरांचा वापर, घरटी दहा युनिट धरला, तर ८०० युनिट होतो. म्हणजे गच्ची गरजेच्या जेमतेम सातवा हिस्सा भागवते, आणि इमारत जितकी उंच तितका हा हिस्सा लहान होत जातो. गच्चीवर पॅनेल बसवू नयेत असा याचा अर्थ मुळीच नाही. पंतप्रधान सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामायिक वापराच्या सौर संचासाठी प्रतिकिलोवॉट १८,००० रुपये अनुदान आहे, आणि लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांचे बिल त्यातून बऱ्यापैकी उतरते. पण उभ्या वाढलेल्या या शहरातली इमारत वीज पिकवणारे शेत होऊ शकत नाही. ती दुसरी गोष्ट देऊ शकते: राजस्थानात, गुजरातेत किंवा आपल्याच सोलापूर-धुळ्याकडे दुपारी पिकलेली वीज दुपारीच वापरण्याची, किंवा तिचे फळ संध्याकाळपर्यंत राखून ठेवण्याची क्षमता.

आता पुन्हा टाकीकडे येऊ. वर सांगितलेल्या इमारतीत रोज सुमारे पन्नास हजार लिटर पाणी लागते. ते सरासरी पन्नास मीटर उंच चढवायला लागणारी शुद्ध यांत्रिक ऊर्जा शाळेतल्या सूत्राने काढली, तर ती सातेक युनिट भरते. पंप आणि मोटर यांची एकत्रित कार्यक्षमता पन्नास टक्के धरली तर मीटरवर चौदा युनिट पडतात. ही ऊर्जा कधी खर्च झाली याचा पाण्याला काही फरक पडत नाही. दुपारी तीन वाजता चढवलेले पाणी रात्री आठ वाजता तितक्याच जोराने नळातून येते. म्हणजे गच्चीवरची टाकी ही एक बॅटरीच आहे, आणि तिचे पैसे आपण केव्हाच भरले आहेत. एका इमारतीचा सात किलोवॉटचा पंप संध्याकाळी बंद राहिल्याने कुणाला काही जाणवणार नाही. अशा दहा हजार इमारतींचे पंप एकाच वेळी बंद राहिले तर ७० मेगावॉटची मागणी संध्याकाळच्या शिखरावरून उतरते. उन्हाळ्यात मुंबईची कमाल मागणी चार हजार मेगावॉटच्या वर जाते, हे लक्षात घेता केवळ पंपांच्या वेळा बदलून साधलेला हा फरक लहान म्हणता येणार नाही.

अर्थात हे लिहिणे जितके सोपे आहे तितके करणे नाही. जमिनीखालची टाकी लहान असेल, तर महापालिकेचे पाणी येत असतानाच पंप चालवावा लागतो, नाहीतर आलेले पाणी घेता येत नाही. गच्चीवरची टाकी लहान असेल, तर दुपारी चारला भरलेले पाणी दुसऱ्या दिवशी सकाळच्या अंघोळींपर्यंत पुरत नाही. आमच्या सोसायटीत आम्ही एवढेच केले की संध्याकाळचे भरणे साडेतीनवर आणले आणि पहाटेचे तसेच ठेवले. त्यासाठी एक साधा टायमर, पातळी मोजणारे दोन सेन्सर आणि समितीच्या दोन सभा लागल्या. लग्नकार्याच्या दिवशी जास्तीचे पाणी लागले तर काय, हा प्रश्न एका काकूंनी विचारला आणि तो रास्त होता; म्हणून पातळी ठराविक रेषेखाली गेली की वेळ कोणतीही असली तरी पंप सुरू व्हावा, अशी तजवीज करून घेतली. माझ्या मते कोणत्याही स्मार्ट व्यवस्थेची परीक्षा इथेच होते: माणसांची गरज आधी, विजेची वेळ नंतर.

डोंगरावर पाणी साठवून हवे तेव्हा वीज मिळवण्याची ही कल्पना मुंबईला परकी नाही. या शहराच्या गिरण्यांना मोठ्या प्रमाणावर वीज मिळाली तीच मुळी सह्याद्रीतून; टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले, त्यामागून भिवपुरी आणि भिरा आले. मुळशीच्या धरणासाठी मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह उभा राहिला, हेही त्याच इतिहासाचे पान आहे, आणि स्वच्छ म्हटल्या जाणाऱ्या विजेचीही कोणीतरी किंमत मोजत असते, हे ते आपल्याला विसरू देत नाही. भिऱ्याला आज उलट दिशेने पाणी पंप करून वर चढवू शकणारा १५० मेगावॉटचा संच आहे: वीज मुबलक असताना पाणी वर चढवायचे, आणि तुटवडा असताना तेच खाली सोडून वीज परत मिळवायची. गच्चीवरची टाकी वीज परत देत नाही, पण पुढची मागणी आधीच भागवून ठेवते. वीजजाळ्याच्या हिशेबात दोन्हींचा परिणाम जवळजवळ सारखाच होतो.

इथवर आल्यावर स्मार्ट इमारत म्हणजे काय, हे सांगणे सोपे जाते. जिला आपल्या आत काय चालले आहे हे मोजता येते, बाहेर विजेची स्थिती काय आहे हे कळते, आणि या दोन्हींवरून आपली उपकरणे केव्हा व किती चालवायची हे ठरवता येते, ती स्मार्ट इमारत. मोबाईलवरून दिवा लावता येणे हा त्यातला सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे, आणि जाहिरातींत नेमका तोच सर्वांत ठळक असतो, याचे मला वाईट वाटते.

वांद्रे-कुर्ला संकुल, लोअर परळ किंवा पवईतल्या मोठ्या कार्यालयीन इमारतीत हे काम एक मध्यवर्ती यंत्रणा करते. तिथले लोक तिला बीएमएस, म्हणजे इमारत व्यवस्थापन यंत्रणा, म्हणतात. तळघरात किंवा गच्चीवर चिलर असतात, ते पाणी सात-आठ अंशांपर्यंत थंड करतात. ते पाणी प्रत्येक मजल्यावरच्या हवा हाताळणाऱ्या यंत्रात, म्हणजे एएचयूमध्ये जाते आणि तिथला पंखा थंड हवा खोल्यांत ढकलतो. मुंबईतल्या अशा वातानुकूलित इमारतीत विजेचा निम्म्याच्या आसपास वापर या एका साखळीत होतो. यातले बहुतेक पंखे आणि पंप हे वर्षातल्या सर्वांत तापलेल्या दिवसाचा विचार करून निवडलेले असतात, आणि उरलेले दिवस ते गरजेपेक्षा मोठे ठरतात. जुन्या पद्धतीत पंखा पूर्ण वेगाने चालतो आणि हवा कमी हवी असेल तर मार्गात झडप आडवी केली जाते. मोटरचा वेग बदलू शकणारी व्हीएफडी नावाची यंत्रणा बसवली की झडपेची गरज राहत नाही, आणि इथे भौतिकशास्त्र आपल्या बाजूने उभे राहते: पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग शंभरावरून ऐंशी टक्क्यांवर आणला तर हवा वीस टक्क्यांनी कमी होते, पण शक्ती जवळपास निम्म्यावर येते. इमारतींच्या ऊर्जेबद्दल सामान्य वाचकाने एकच आकडा लक्षात ठेवायचा असेल, तर मी हा निवडीन.

वेग कधी कमी करायचा, हे मात्र मोजल्याशिवाय कळत नाही. सभागृहात दोनशे माणसे आहेत की पाच, हे कार्बन डायऑक्साइडच्या सेन्सरवरून समजते. बाहेरच्या हवेत या वायूचे प्रमाण दहा लाख भागांत ४२० च्या थोडे वर असते; खोलीत ते हजाराच्या पुढे जाऊ लागले की बाहेरची ताजी हवा वाढवायची, आणि खोली रिकामी असताना ती कमी करायची. मुंबईत ही गोष्ट थंड हवेच्या शहरांपेक्षा अधिक मोलाची आहे, कारण आपल्याकडे बाहेरून घेतलेल्या प्रत्येक घनमीटर हवेबरोबर समुद्राची आर्द्रता आत येते. घामट हवेतली वाफ पाणी होऊन एसीच्या नळीतून ठिबकते, तेव्हा त्या थेंबामागे बरीच ऊर्जा खर्च झालेली असते. म्हणून मुंबईत तापमानाइतकेच आर्द्रतेकडेही लक्ष द्यावे लागते. पंखा लावून २६ अंशांवर बसलेला माणूस अनेकदा पंख्याशिवाय २३ अंशांवर बसलेल्या माणसाइतकाच समाधानी असतो. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या मते एसीचे तापमान एका अंशाने वाढवले तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, आणि १ जानेवारी २०२० पासून घरगुती एसी सुरू करताना आपोआप २४ अंशांवर यावा, असे बंधन आहे.

वर वर्णन केलेली बचत ही ‘कमी वापरा’ या प्रकारची झाली. ‘वेगळ्या वेळी वापरा’ हा प्रकार थंडाव्यातही शक्य आहे, आणि मला तो अधिक विलक्षण वाटतो. काँक्रीट जड असते आणि उष्णता धरून ठेवते. सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुणालाही हे सांगावे लागत नाही. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकराला घरात उष्णता ओतत असतो. हाच गुण उलटा वापरता येतो. हजार चौरस फुटांच्या घराचा १५ सेंटिमीटर जाडीचा स्लॅब एक अंशाने थंड केला, तर त्यात सुमारे आठ युनिट इतकी ‘थंडी’ साठते. एसी एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता बाहेर फेकतो असे धरले, तर ती साठवायला पावणेतीन युनिट वीज लागते. कार्यालयाने दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, सौर वीज मुबलक असताना, इमारत एक-दीड अंश जास्त थंड करून ठेवली आणि पाच ते सातच्या दरम्यान चिलर मंद केले, तर आतल्या माणसांना फारसा फरक जाणवत नाही. याला पूर्वशीतन म्हणतात. स्लॅब खोट्या छताआड आणि गालिच्याखाली दडलेला असेल, तर तो हे काम नीट करू शकत नाही, ही त्याची मर्यादा.

याहून नेटकी रीत म्हणजे थंड पाण्याची किंवा बर्फाची वेगळी टाकी. एक घनमीटर पाणी आठ अंशांनी थंड केले तर त्यात नऊ युनिटपेक्षा थोडी अधिक थंडी मावते. तेवढ्याच आकारमानाच्या बर्फाच्या टाकीत, नळ्यांची जागा सोडूनही, त्याच्या कित्येक पट मावते, कारण बर्फ वितळताना प्रत्येक किलोमागे ३३४ किलोज्यूल उष्णता शोषून घेतो. बर्फ करण्यासाठी चिलरला अधिक कष्ट पडतात, म्हणून ही निवड जागा आणि वीज यांच्यातली देवाणघेवाण असते. मुंबईत जागेचा भाव पाहता बर्फाकडे कल जाणे स्वाभाविक आहे. पूर्वी अशा टाक्या रात्री गोठवल्या जात, कारण रात्रीची वीज स्वस्त होती. आता जसजशी सौर वीज वाढत आहे, तसतशी त्यांची योग्य वेळ रात्रीकडून दुपारकडे सरकत आहे. हा बदल डोळ्यांना दिसत नाही, पण फार महत्त्वाचा आहे, आणि दहा वर्षांपूर्वी बसवलेल्या अनेक यंत्रणांचे घड्याळ अजून जुन्याच काळात अडकलेले असणार.

तिसरा साठा पार्किंगमध्ये उभा असतो. विजेवरच्या लहान मोटारीत तीस युनिटची बॅटरी असते आणि शहरातला रोजचा प्रवास त्यातली पाच-सहा युनिट खातो. गाडी रात्री आठला घरी येते, मालक चार्जर जोडतो आणि सकाळी आठपर्यंत ती जागची हलत नाही. तिला चार्ज व्हायला दोन तास लागतात आणि हाताशी बारा तास असतात. चार्जरला थोडे शहाणपण दिले तर तो मध्यरात्रीनंतर जागा होईल, आणि दहा गाड्या असतील तर एकामागून एक वीज देईल, म्हणजे सोसायटीला मंजूर भार वाढवून घेण्याचा खर्चही पडणार नाही. हीच गाडी दिवसा कार्यालयाच्या तळघरात उभी राहत असेल, तर तिला दुपारची सौर वीज देणे सर्वांत उत्तम.

हे सगळे करायला इमारतीला कोणीतरी विजेची वेळ सांगावी लागते, आणि ती सांगण्याचा सर्वांत जुना मार्ग म्हणजे दर. केंद्र सरकारने २०२३ साली वीज ग्राहक हक्क नियमांत केलेल्या बदलानुसार सौर तासांतला दर सामान्य दरापेक्षा किमान २० टक्के कमी असावा, शिखर तासांत, म्हणजे मागणी सर्वाधिक असताना, तो व्यावसायिक व औद्योगिक ग्राहकांना किमान १.२ पट आणि इतरांना किमान १.१ पट असावा, असे ठरले. दहा किलोवॉटच्या वरच्या व्यावसायिक आणि औद्योगिक ग्राहकांसाठी १ एप्रिल २०२४ ही, तर शेती वगळता बाकीच्यांसाठी १ एप्रिल २०२५ ही तारीख ठेवली होती, आणि वापराची वेळेनुसार नोंद करणारा स्मार्ट मीटर बसला की हा दर लागू व्हावा असे अपेक्षित आहे. मुंबईत स्मार्ट मीटरला मोठा विरोध झाला आहे, आणि त्यातल्या सर्व शंका गैरसमजाच्या आहेत असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. वापराची अर्ध्या तासागणिक नोंद पाहून घरात माणूस कधी असतो आणि कधी नसतो, हे कोणालाही ओळखता येते. ही माहिती कोणाकडे, किती काळ आणि कशासाठी राहते, हे ग्राहकाला स्पष्ट कळलेच पाहिजे. तसेच संध्याकाळी सातला स्वयंपाकघरात उभी असलेली बाई आपला वापर दुपारवर ढकलू शकत नाही. जिला वेळ बदलण्याची सोयच नाही तिला चढा दर लावणे म्हणजे तिच्या अडचणीवर दंड आकारणे होय. म्हणूनच मला वाटते की वेळ बदलण्याचा भार प्रथम चिलर, पंप, चार्जर, गिझर यांसारख्या यंत्रांवर टाकावा आणि घरातल्या माणसांवर सर्वांत शेवटी.

दराखेरीज दुसरा मार्ग थेट विनंतीचा आहे. वीज कंपनी आदल्या दिवशी किंवा काही तास आधी कळवते की अमुक वेळेत वापर घटवा, आणि जे ग्राहक घटवतात त्यांना मोबदला देते. टाटा पॉवरने २०२३ साली मुंबईतल्या घरगुती आणि मोठ्या व्यावसायिक ग्राहकांसाठी अशी योजना जाहीर केली, आणि पहिल्या सहा महिन्यांत शिखर मागणीतले ७५ मेगावॉट कमी करण्याचे उद्दिष्ट ठेवले. अनेक इमारतींची अशी लवचीकता एकत्र बांधली की जाळ्याच्या दृष्टीने ते एक आभासी वीजकेंद्रच होते, ज्याला ना धुराडे लागते ना जमीन.

मुंबईला अशा केंद्राची गरज इतर शहरांपेक्षा अधिक आहे, कारण तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेल्या या शहरात बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्या मोजक्याच आहेत. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा परिसरातल्या ४०० केव्ही (किलोव्होल्ट) वाहिन्या एकामागून एक बंद पडल्या आणि शहराचा मोठा भाग अंधारला. लोकल जागच्या जागी थांबल्या, आणि त्या करोनाच्या दिवसांत रुग्णालये जनरेटरवर आली. त्यानंतर २०२३ साली खारघर-विक्रोळी ही ४०० केव्ही वाहिनी सुरू झाल्याने परिस्थिती सुधारली आहे. तरीही बाहेरून येणारी वाट अरुंद असते, तेव्हा आतल्या इमारतींनी काही मिनिटांत दोनशे-तीनशे मेगावॉट सोडून देणे म्हणजे रुग्णालय आणि रेल्वे यांची वीज राखणे होय. त्या सकाळी एखाद्या मॉलचा चिलर अर्धा तास मंद झाला असता, तर कोणाचे काही बिघडले नसते.

आता एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे. पश्चिमेकडे तोंड करून उभी केलेली काचेची भिंत कोणत्याही सेन्सरने सुधारत नाही. दुपारी चारचे ऊन काचेतून आत आले की ते बाहेर काढायला वीज लागणारच, मग यंत्रणा कितीही हुशार असो. मरीन ड्राइव्हवरच्या आर्ट डेको इमारतींच्या खिडक्यांवरचे पुढे आलेले छज्जे, गिरगावातल्या चाळींच्या खोल गॅलऱ्या, जुन्या बंगल्यांच्या झडपांच्या खिडक्या यांत एकही तार नव्हती, तरी त्या ऊन अडवत आणि वारा आत घेत. इको निवास संहिता या २०१८ च्या निवासी इमारतींच्या संहितेत आपल्यासारख्या उष्ण-दमट हवामानात भिंती आणि खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेवर सरासरी प्रतिचौरस मीटर १५ वॉटची मर्यादा घातली आहे. ती पाळण्याचा स्वस्त उपाय छज्जा हाच आहे. आधी उष्णता अडवावी, मग यंत्रे कार्यक्षम करावीत, आणि मग त्यांची वेळ जुळवावी, हा क्रम उलटा केला की पैसे जातात आणि बिल तसेच राहते. मुंबईच्या हवामान कृती आराखड्यानुसार शहराच्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनापैकी सुमारे ७२ टक्के उत्सर्जन ऊर्जावापरातून, प्रामुख्याने इमारतींत जळणाऱ्या विजेतून येते, आणि आराखड्याने २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे ध्येय ठेवले आहे. तिथे पोहोचायचे तर हा क्रम चुकवून चालणार नाही.

पावसाळ्यात हे गणित बदलते, हेही नोंदवले पाहिजे. जुलैमध्ये गच्चीवरचे पॅनेल अनेक दिवस निम्मेही काम करत नाही. त्या काळात वारा अधिक असतो आणि पवनचक्क्या भरभरून वीज देतात, तीही रात्री-अपरात्री. म्हणून पंपाला ‘साडेतीन वाजता’ असे कायमचे शिकवणे ही फक्त पहिली पायरी झाली. पुढे जाऊन त्याने उद्याच्या ९६ भागांपैकी कोणत्या भागात वीज सर्वांत स्वच्छ असेल, हे विचारून चालावे. आमचा टायमर ते करू शकत नाही. असे करणारी उपकरणे आहेत, पण त्यांना लागणारी माहिती सामान्य सोसायटीपर्यंत सोप्या स्वरूपात पोहोचायला हवी, आणि ते काम वीज कंपन्या व नियामक आयोग यांनाच करावे लागेल.

ही सगळी चर्चा आज करण्याचे एक तातडीचे कारण आहे. मुंबईत पुनर्विकासाची लाट आली आहे. म्हाडाच्या वसाहती, उपकरप्राप्त इमारती, वरळीच्या बीडीडी चाळी असे सारे पाडून नव्याने उभे राहत आहे, आणि आज उभी राहिलेली इमारत पुढची पन्नास वर्षे तशीच वीज वापरणार आहे. बिल्डरशी बोलताना आपण जास्तीचे कार्पेट क्षेत्र, कॉर्पस फंड आणि भाडे यांवर महिनोन्महिने घासाघीस करतो. त्याच करारात चार ओळी आणखी घालता येतात: गच्चीवरची टाकी पूर्ण दिवसाच्या वापराइतकी मोठी असावी, पश्चिमेच्या प्रत्येक खिडकीवर छज्जा असावा, मीटर केबिनपासून प्रत्येक पार्किंगच्या जागेपर्यंत तार ओढण्यासाठी रिकामी नळी टाकून ठेवावी, आणि पंप, चार्जर, लिफ्ट यांना वेगवेगळे मीटर असावेत, म्हणजे कोणती वीज कुठे जाते हे मोजता येईल. इमारत बांधताना या गोष्टींना फारसा खर्च येत नाही. नंतर भिंती फोडून त्या करायच्या तर सोसायटीचा फंड पुरत नाही. आणि मीटर केबिन तळघरात नको. २६ जुलै २००५ ला ज्यांच्या तळमजल्यावर कमरेइतके पाणी होते, त्यांना याचे कारण सांगावे लागणार नाही. चार्जर, पॅनेल आणि पंपाचे नियंत्रण त्या दिवशीच्या पाण्याच्या रेषेपेक्षा वरच बसवून घ्यावे.